सेजलने ऐकलेले नऊ हजार फूट

कारापूरच्या सेजल गावसला विमान उडवता येत होतं. दोनशे तास आकाशात काढून झाले होते. अडलं होतं ते इंग्रजीपाशी. रेडिओवर बोललेलं इंग्रजी वैमानिकाला ऐकून नीट कळतं का, हे तपासणारी एक परीक्षा असते. सहापैकी निदान चौथी पातळी मिळाली नाही, तर बाकी सगळं पाण्यात. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या सेजलला त्याच परीक्षेची धास्ती होती, म्हणून तिने पणजीत एक क्लास लावला.

तो क्लास रुद्रेश सरांचा. पूर्वी ते कुठल्याशा विमानतळावर नोकरीला होते. विमान त्यांनी कधी चालवलं नव्हतं, पण वर्गात येताना चालायचे मात्र वैमानिकासारखे. रेकॉर्डिंग एकदाच लावायचं आणि पोरांनी फटाफट उत्तरं द्यायची, ही त्यांची पद्धत. कुणी "पुन्हा ऐकवा" म्हटलं की सर हसायचे. सर हसले की वर्गही हसायचा.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक खरखरीत रेकॉर्डिंग लावलं. जमिनीवरचा नियंत्रक विमानाला उतरण्याची उंची सांगतो, वैमानिक ती परत म्हणून दाखवतो. प्रश्न एवढाच, की नियंत्रकाने कोणती उंची सांगितली?

"पाच हजार फूट," सगळे म्हणाले.

"नऊ हजार," सेजल म्हणाली. "नियंत्रकाने नाइन म्हटलं. वैमानिकाने ते फाइव्ह ऐकलं आणि तसंच परत म्हटलं. त्याची चूक कुणी धरलीच नाही."

सरांनी हातातला उत्तरांचा कागद पाहिला. "इथे पाच लिहिलंय."

"कागद चुकलाय, सर. पुन्हा लावून बघा."

"तुझे वडील काय करतात?"

"बार्जवर तांडेल होते. नदीतून खाणीचा माल न्यायचे."

"तरीच. बार्जच्या भोंग्यात वाढलेल्या कानांना इंग्रजी कसं कळणार?"

वर्ग हसला. वडिलांचा अपमान तर झालाच होता, पण सेजलला जास्त झोंबलं ते दुसरंच. रेडिओवर 'नाइन' आणि 'फाइव्ह' कानाला सारखे वाटतात, म्हणून तर जगभरचे वैमानिक नऊला मुद्दाम 'नायनर' म्हणतात. मधल्या त्या चार हजार फुटांत डोंगर असेल तर? त्या विमानातल्या माणसांचं काय? आणि हा माणूस कागदाकडे बोट दाखवून दात काढतोय! तिने दप्तर उचललं आणि ती बाहेर पडली, ती परत गेलीच नाही.

घरी तिने महादेवला, म्हणजे बापाला, सगळं सांगितलं. भोंग्याचं सोडून. महादेव मूळचा दोडामार्गकडचा. त्याची अर्धी जिंदगी मांडवी नदीत वायरलेसवर बोलण्यात गेली होती.

"आमी पण परत म्हणान दाखवू," तो म्हणाला. "आणि कळला नाय तर इचारू. इचारूक लाज कित्याक? लाज धरलेल्यान एकदा आखी बार्ज खडकार चढवली."

मग दोघांनी घरातच सराव मांडला. निरनिराळ्या देशांच्या वैमानिकांची बोलणी सेजलने फोनवर जमवली. ती लावून महादेव बाजूला मिक्सर सुरू करायचा, रेडिओ लावायचा, आणि त्या गोंगाटातून ती आकडे टिपायची. दोन महिने हेच. मुंबईच्या परीक्षेत तिने परीक्षकाला दोनदा बेधडक "पुन्हा सांगा" म्हटलं. पातळी मिळाली पाचवी.

पंधरा दिवसांनी पेडण्याहून एका अनोळखी मुलीचा फोन आला. गौरवी तिचं नाव. "ताई, क्लासच्या ग्रुपवर तुझा नंबर मिळाला. म्हापशात स्टँडवर तुझा फोटो बघितला. म्हणून मीसुद्धा रुद्रेश सरांच्या क्लासात नाव घातलं."

"कसला फोटो?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हापशाच्या आठवडी बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या गर्दीतून वाट काढत सेजल स्टँडवर पोचली, तर औषधांच्या दुकानावर हा एवढा बॅनर. तिचा हसरा चेहरा, खाली 'आमची यशस्वी विद्यार्थिनी', आणि तिच्याहून मोठा सरांचा फोटो. तिने तिथूनच फोन लावला.

"अगं, तुझंच नाव होतंय," सर म्हणाले. "तीन आठवडे माझ्याकडे बसलीस, हे खोटं आहे का?"

"बसले हे खरं. तुम्ही शिकवलंत काय, तेवढं सांगा."

सरांनी फोन ठेवला. सेजलने दुकानदाराकडून शिडी मागितली. तो कुरकुरला, तेव्हा तिने बॅनरवरच्या चेहऱ्याकडे आणि मग स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने मुकाट्याने शिडी दिली, वर कातरही. भर बाजारात, शंभर माणसांसमोर, तिने एकेक दोरी कापून बॅनर खाली पाडला.

रविवारी गौरवी तिची आई विमला हिला घेऊन कारापूरला आली. क्लासात काय घडलं ते सेजलने गौरवीला फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे बाई रागावलेल्याच होत्या.

"क्लास असला होता, तर तू आधी कुणाला बोलली का नाहीस? माझी मुलगी फसली की!"

सेजल त्या दिवशी ताठ मानेने बाहेर पडली होती खरी, पण आत बसलेल्या वीस जणांना पाच हजारावरच सोडून. सरांवरचा राग एवढा मोठा, की ही चूक तिला दिसलीच नव्हती.

"चुकलंच माझं, काकी," ती म्हणाली.

तिथेच बसून तिने फोन काढला. वर्गाचा ग्रुप अजून तिच्याकडे होता. तिने ते नऊ हजारांचं रेकॉर्डिंग नेटवर शोधून ग्रुपवर टाकलं, खाली उत्तर लिहिलं, का ते लिहिलं, आणि शेवटी आपलं पूर्ण नाव. पाच मिनिटांत सरांनी तिला ग्रुपमधून काढून टाकलं. पण तोवर चौदा जणांनी ते ऐकलं होतं.