काटा दाखवील तेच

हे मी इतकी वर्षं टाळलं. घरातही कधी बोललो नाही.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत अभियांत्रिकी पदविकेच्या मुलांना शिकवायचो. प्रयोगशाळा माझ्याकडे होती, आणि दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून शनिवारचा व्यवसायनीतीचा तासही. मुलं त्याला कीर्तन म्हणत. मी सांगायचो, काटा दाखवील तेच लिहा.

प्रयोगशाळेत मात्र रीत वेगळी होती. सळई ओढून तोडायच्या यंत्राचा काटा दोन वर्षं कमी दाखवत होता. मुलं वरच्या वर्गाच्या जर्नलमधले आकडे उतरवायची, मी सह्या करायचो. यंत्र तपासून घेतल्याच्या दाखल्यावरही, न तपासता, माझीच सही होती.

एकच जण उतरवीत नसे. दाभोळच्या मच्छीमार घरातला; त्या घरात इतकं शिकलेला पहिलाच. त्याच्या जर्नलवरही मी काही न बोलता सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते जर्नल उघडलं आणि हसले. "ही सळई आहे की सुतळी?"

"काटा हेच दाखवत होता, सर," तो म्हणाला.

परीक्षक माझ्याकडे वळले. "यंत्र ठीक आहे ना?"

तोही माझ्याकडे बघत होता. अगदी निर्धास्त.

मी म्हणालो, "ठीक आहे."

तो नापास झाला. पुन्हा बसता आलं असतं, पण वडिलांनी बोटीवर माणूस कमी आहे म्हणून बोलावून घेतलं. माझ्याकडे तक्रार घेऊन तो आलाच नाही. पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखा तास घेतला.

निवृत्तीनंतर एकदा दाभोळला गेलो, एवढ्यासाठीच. एसटीत वाक्य घोकत होतो. बंदरावर तो जाळं सांधत बसला होता, केस कानाशी पिकलेले. त्यानं मला लगेच ओळखलं, हात पुसून उठला, चहा मागवला. मुलीला जवळ बोलावून म्हणाला, "हे माझे सर. काटा दाखवील तेच लिहायचं, हे यांनी शिकवलं."

मी त्याच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता.

"यंदा मासळी कशी आहे?" मी विचारलं.

तो बांगड्याबद्दल बराच वेळ बोलला. निघताना सुक्या मासळीची पुडी माझ्या पिशवीत घातली.

घोकलेलं वाक्य मोठं नव्हतं. यंत्र बिघडलेलं होतं, मला ते ठाऊक होतं, मला माफ कर.