बरणीखालचं रबर

आधीच सांगून ठेवते, प्रयोगशाळेत मला कुणी मावशी म्हटलेलं चालत नाही. मी आयटीआय केलेली बाई आहे. सुप्याच्या एमआयडीसीत सहा वर्षं पंप खोलले, जोडले, हात कोपरापर्यंत काळे करून घेतले, आणि मग विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत तंत्रसहायक म्हणून लागले. पोरं मला ताई म्हणतात. माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझ्या ताब्यात मुख्य यंत्र एकच. एका जाड पोलादी पाटावर काचेची मोठी बरणी पालथी घातलेली असते. खाली दोन पंप. पहिला बरणीतली बहुतेक हवा ओढून काढतो, दुसरा उरलीसुरली. हवा गेली की आत छोट्या भांड्यात धातू तापवायचा. त्याची वाफ वर टांगलेल्या काचेच्या पट्टीवर बसते आणि डोळ्यांना जेमतेम दिसेल असा पातळ थर तयार होतो. आत हवा राहिली तर थर काळपट येतो, नखानं खरवडला की सुटतो, आणि पोरांचं महिन्याचं काम पाण्यात जातं. सगळा खेळ हवा काढण्याचा. त्यात हे यंत्र तीन विभागांत मिळून एक, म्हणजे बारभाईचा कारभार. वापरायला सगळे पुढं, बिघडलं की ‘मी तर हातसुद्धा लावला नव्हता.’

म्हणून मी तोंड सोडायची. तोंड सोडल्याशिवाय हे यंत्र एवढी वर्षं चाललं नसतं, असं माझं पक्कं मत होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी बरणीच्या काठाखालचं नवं रबर आलं. बरणी आणि पाट यांच्यामधून बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून हे गोल रबर असतं. जुनं कडक होऊन चिरत आलं होतं. नवी वस्तू मुहूर्तावर बसवावी म्हणून मी ते खंडेनवमीसाठी राखून ठेवलं. आमच्याकडं खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते. पाने, पेचकस, मीटर सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची, नारळ फोडायचा. शेवगावला माहेरी वडील कडबाकुट्टीच्या यंत्राची पूजा करायचे, तेव्हापासून मला हा दिवस आवडतो. मी सकाळीच रबर बसवायला घेतलं. पोरं जमली. नारळ सोलायला दिला तर एकाला धड शेंडी निघेना. ‘आण इकडं, पीएचडी करतोय आणि नारळ सोलता येत नाही,’ म्हणत मी तो तिथंच, यंत्रापाशी उभी राहून सोलला. पूजा झाली, मी बरणी रबरावर टेकवली, सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

त्या पोरांत एक मुलगी होती. मुलगी म्हणते, पण तिला स्वतःची तीन वर्षांची लेक होती. मुसलमान घरातली, वडील शहरात गाद्या भरतात, सासर सावेडीत. कमी बोलायची. तिचा प्रबंध पूर्ण होत आला होता, फक्त शेवटच्या पाच पट्ट्या राहिल्या होत्या. त्या शनिवारपर्यंत हव्या होत्या, कारण सोमवारी पुण्याला त्या तपासायची वेळ मिळाली होती. ती हुकली तर पुढची तारीख दिवाळीनंतर, आणि दिवाळीपर्यंत प्रबंध गेला नाही तर तिची नोंदणीच रद्द होणार होती. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसरी मिळत नाही. पाच वर्षांचं काम, आणि हातात बुधवार ते शनिवार असे चारच दिवस.

बुधवारी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ती लेकीला नणंदेकडं ठेवून सकाळी आठलाच हजर. मी पंप चालू केले. आतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा झरझर खाली आला आणि मध्येच अडला. अर्धा तास झाला, तास झाला, काटा ढिम्म. माझा पारा चढला. दसऱ्याआधी यंत्र शेवटचं तिनंच वापरलं होतं, आणि धातूऐवजी ती तापवायची ती पिवळट पावडर आतल्या भांड्यांना चिकटून ओल धरते, हे मला माहीत होतं.

‘झालं! किती वेळा सांगितलं, काम संपलं की आतून नीट पुसा म्हणून? आता बसा काट्याची आरती करत!’

खोलीत आणखी तिघं होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिचा चेहरा लाल झाला. मग ती हळूच म्हणाली, ‘ताई, बरणी उचलतोच आहोत तर खालचं रबर एकदा बघायचं का?’

‘ते मी बसवलंय,’ मी म्हणाले. ‘कालपरवा, नवंकोरं. तू आतलं पूस.’

तिनं पुसलं. अॅसिटोननं भांडी, तारा, पट्ट्या धरायचे चिमटे, सगळं दोनदा. बरणी मी स्वतःच्या हातानं उचलली आणि परत तशीच ठेवली, रबराकडं ढुंकूनही न बघता. दुपारी पुन्हा पंप लावले. काटा तिथंच.

गुरुवारी मी पहिल्या पंपाचं तेल बदललं. दुसऱ्या पंपाला थंड ठेवणारं पाणी नीट वाहतंय का पाहिलं. मग बरणीकडची झडप बंद करून नुसते पंप चालवले, तर काटा सरळ तळाला गेला. झडप उघडली की परत अडला. म्हणजे पंप ठणठणीत, हवा शिरतेय ती बरणीकडून. तिथं विजेच्या तारा आत जायचे चार सांधे आहेत. ते खोलून, पुसून, आवळून माझा गुरुवार संपला. ती माझ्या शेजारी उभी राहून पाने हातात देत होती. मला हवा तो पाना न मागता द्यायची, तरी मी दर तासाला काहीतरी टोचून बोलत होते. संध्याकाळी स्कूटरला किल्ली लावताना ती डोळे पुसत होती. मी खिडकीतून पाहिलं आणि मनात म्हणाले, आता रडून काय उपयोग, आधीच नीट पुसायचं होतंस. असं म्हणाले मी. खोटं कशाला लिहू?

शुक्रवारी सकाळी मी नेहमीची शेवटची युक्ती काढली. पंप चालू ठेवायचे आणि ब्रशनं एकेका सांध्यावर अॅसिटोन लावत जायचं. भेग असेल तिथून ते आत ओढलं जातं आणि मीटरचा काटा उडी मारतो. चारही सांधे झाले, काटा गप्प. मी हात टेकले. ब्रश बाजूला ठेवता ठेवता तो बरणीच्या काठावरून ओघानंच फिरला. मागच्या बाजूला, भिंतीकडं, ब्रश पोचला आणि काटा टुणकन उडाला.

मी परत फिरवला. परत उडाला.

पंप बंद केले, हवा आत सोडली, बरणी उचलली. रबरावर मागच्या बाजूला एक तंतू आडवा बसला होता, बोटाच्या पेराएवढा, तपकिरी, दाबून चपटा झालेला. मी तो नखानं काढून उजेडात धरला. नारळाच्या शेंडीचा होता. नारळ मीच सोलला होता, उघड्या रबरापाशी उभी राहून, आणि मीच वर बरणी टेकवली होती. सुप्याला असं काम कुणी केलं असतं तर मी त्याला दिवसभर सोडला नसता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दुसऱ्याच्या पोरीला सोबत फरफटत.

ती शेजारीच उभी होती. तिनं तंतू पाहिला, पण चेहऱ्यावर नवल दिसलं नाही.

‘तुला माहीत होतं?’

‘माहीत नव्हतं, ताई. वाटत होतं. तुम्ही सोलत होता तेव्हा शेंडी उडताना पाहिली होती.’

‘मग बोलली का नाहीस, बाई? दोन दिवस गेले तुझे!’

‘बुधवारी म्हणाले होते, रबर बघू म्हणून.’ मग खाली बघत म्हणाली, ‘परत कसं म्हणणार? पूजेचा नारळ होता. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं. मी म्हटलं असतं तर…’

पुढचं मला कळलं. मला लाज वाटली. फार लाज वाटली. तिची पाच वर्षं पणाला लागली होती, आणि तरी माझ्यासमोर एक साधी गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची तिची हिंमत झाली नव्हती. तशी पाळी मीच आणली होती. माझ्या तोंडामुळं यंत्र नीट चालतं म्हणे!

मी पलीकडच्या खोलीत गेले. बुधवारी जी तिघं हजर होती ती तिथं चहा पीत होती. मी तंतू टेबलावर ठेवला. ‘हे बघा. चूक माझी. हिचं काम चोख होतं, मी उगाच बोलले. बुधवारी तुम्ही ऐकलंत ना, मग आज हेही ऐका.’ एकानं ‘असू द्या ताई’ म्हटलं. ‘असू द्या कसं? असू द्यायचं नाही,’ मी म्हणाले आणि परत आले.

रबर पुसलं, बोटभर ग्रीस गोल फिरवलं, बरणी ठेवली. काटा उतरला तो थांबलाच नाही. माझा जीव भांड्यात पडला. शुक्रवारी दोन पट्ट्या झाल्या, शनिवारी दुपारपर्यंत आणखी दोन. स्वच्छ, चकचकीत थर, नखानंही न सुटणारा. मी तिच्यासाठी डबा आणला होता, तो तिनं न लाजता संपवला आणि ठेचा तिखट कमी आहे म्हणाली. मला हायसं वाटलं.

शेवटची पट्टी लावायची होती. तीन वाजले होते आणि मी घाईत होते. बरणी उचलून तिनं पट्टी बसवली, आणि मी परत ठेवायला दोन्ही हात पुढं केले.

‘थांबा!’

केवढ्यानं ओरडली ती! बाहेरच्या पोरांनी दारातून डोकावलं.

‘तुमच्या बाहीला दोरा लोंबतोय. आधी तो काढा, मगच बरणीला हात लावा. आणि घाई करू नका, मला ही पट्टी परत करायला वेळ नाही!’

बोलून झाल्यावर तिचेच डोळे मोठे झाले. मी बाही पाहिली. खरंच दोरा लोंबत होता. एवढ्या वर्षांत त्या खोलीत माझ्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. मी दाराबाहेर गेले, दातानं दोरा तोडला, बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि आत येऊन तिच्यापुढं दोन्ही हात धरले.

‘बघ,’ मी म्हणाले. ‘नीट बघ. अजून काही दिसलं तर परत ओरड.’