व्यंकूच्या बशीतली नक्षी

आधीच सांगून टाकतो. भूतखेत, करणी, अंगात येणं... यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या गल्लीतल्या एका बाईंच्या अंगात यायचं, तर मी थर्मामीटर घेऊन ताप बघायला गेलो होतो. त्याबद्दल अम्माच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच! तेव्हा हे वाचून कुणी मला गंडेदोरे सुचवू नयेत. उत्तर असेल तर तेवढं सांगा.

सत्तरच्या दशकाच्या मधली वर्षं. सोलापूर, शहराचा पूर्व भाग. आम्ही तेलुगू विणकर. मी घरातला पहिला बीएस्सी, एका इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन. धाकटा भाऊ व्यंकू चादरींच्या नक्षीची कार्डं पाडायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी – जेकार्डच्या मागावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. जिथं भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो आणि एकेका कार्डागणिक एकेक ओळ विणली जाते. चादर पुरी झाली की शेवटी एक कार्ड सगळीच्या सगळी भोकं पाडलेलं लावायचं, ही आमच्या घरची पद्धत. ते आलं की अख्खा ताणा, म्हणजे उभे धागे सगळे, वर जातो, वीण बसतच नाही. तिथं कात्री चालवायची.

त्या उन्हाळ्यात गावात मुदतीच्या तापाची साथ आली. व्यंकू कोयरीची नवी नक्षी पाडत होता, ती अर्धवट टाकून त्यानं अंथरूण धरलं. इस्पितळात नेहमीच्या कॅप्सूल सुरू केल्या. ताप ढिम्म हलेना. त्याच्या रक्तातले टायफॉइडचे जंतू मीच वाढवले आणि त्यांच्यावर औषध घालून पाहिलं. जंतू मजेत वाढत होते. हे घरी कसं सांगायचं, मला कळेना.

आमच्या लॅबच्या डॉक्टरबाईंकडे फेज होते. फेज म्हणजे जंतूंना खाणारे विषाणू. काचेच्या बशीत जंतूंची साय धरवायची आणि तिच्यावर वेगवेगळ्या फेजचे थेंब ठेवायचे. ज्या थेंबाखालची साय विरून भोक पडेल त्यावरून जंतूची जात कळते, आणि साथ कुठल्या पाण्यातून आली याचा माग लागतो. अम्माला मी हे कौतुकानं सांगून बसलो होतो. तिनं बाईंना व्हरांड्यातच गाठलं.

"बशीत मरत्यात म्हणं की जंतू. मग माझ्या लेकराला का देत न्हाई तुमी?"

"अहो, ते औषध नाही. नुसती ओळख पटवायला वापरतो आम्ही."

"ओळख पटवून काय करू मी, बाई?"

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्याच्या जंतूंना मारणारा एक तरी फेज सापडला, तर वाढवून, गाळून देऊन बघू. वचन नाही देत." तेवढ्या एका वाक्यावर आमचं घर जगू लागलं.

मी व्यंकूच्या जंतूंच्या दोन बश्या लावल्या. एकीवर सगळ्या फेजचे थेंब, दुसरी तुलनेसाठी, थेंबाशिवाय. सकाळी पाहतो तर थेंबांच्या बशीत साय जशीच्या तशी. एकही फेज लागू पडला नव्हता! आणि थेंबाशिवायच्या बशीत भोकं... स्वच्छ, गोल, ओळीत. खिडकीशी उजेडात धरली आणि भोकं मोजली. दोन भोकं, एक जागा कोरी, मग तीन सलग. मी कार्डांच्या घरात वाढलोय, हो. ती व्यंकूच्या कोयरीच्या देठाची ओळ होती.

बाई म्हणाल्या, "काही जंतूंच्या पोटातच फेज दडलेला असतो, तो कधी कधी आपणहून फुटतो." "पण ओळीत, बाई?" मी विचारलं. आम्ही त्या भोकांतून नमुना उचलून, गाळून ताज्या सायीवर सोडला. काही नाही. पुन्हा केलं. काहीच नाही. पण रोज थेंबाशिवायची कोरी बशी लावली की सकाळी तिच्यात भोकं, आणि रोज नक्षी एका ओळीनं पुढं सरकलेली.

एका दुपारी वॉर्डात गेलो. व्यंकूची बोटं अंगावरच्या चादरीवर टकटक चालली होती. सिस्टर म्हणाल्या, "या तापात पेशंट अशी चादर चिवडतातच." खरंय, पुस्तकातही तेच आहे. पण मी बोटं बघत उभा राहिलो – दोन, एक सोडून, तीन सलग.

"काय करतोस रे?"

डोळे न उघडता तो म्हणाला, "कोयरी पुरी करतोय, अन्ना. थोडीच ऱ्हायलीय की."

"राहू दे. बरा झालास की कर."

"न्हाई अन्ना. कापायचं कार्ड तेवढं लावतो."

त्याचे दोन्ही हात मी घट्ट धरून ठेवले. माझ्या मुठीत त्याची बोटं हलत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये पोचलो तर डॉक्टरबाई माझ्याआधी हजर. हातात कोरी लावलेली बशी, चेहरा फुललेला. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "अहो, बघा तरी! सगळी साय साफ! एक जंतू उरलेला नाही. आता भरपूर फेज मिळेल. आजच गाळू, संध्याकाळी देऊ त्याला!"

मी बशी उजेडात धरली. पलीकडचं कडुलिंबाचं झाड पानन् पान दिसत होतं. भोकांना भोकं लागून पार आरपार झालेली ती बशी कुठलं कार्ड आहे, हे त्या लॅबमध्ये फक्त मला कळत होतं. बाई बोलत होत्या आणि मी वॉर्डाकडे पळत सुटलो.

अम्मा पायथ्याशी बसली होती. "आत्ता झोपला बग," म्हणाली. व्यंकूचे हात चादरीवर शांत पडले होते. तो झोपलेला नाही हे तिला मी सांगितलं.

पुढं मी पुष्कळ वाचलं, मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांना विचारलं. फेज आपणहून फुटतात, मान्य. तापात बोटं चाळवतात, मान्य. बाकीचं कुणाला सांगता आलं नाही, मलाही नाही. बाईंनी त्या साफ बशीतलं सगळं गाळून ताज्या सायीवर घातलं होतं. त्यात काहीच नव्हतं. आणि त्याच पहाटे सिस्टरनी काढलेलं व्यंकूचं शेवटचं रक्त मी तशाच कोऱ्या बशीत लावलं, तेव्हा जंतू दाट, निरोगी वाढले. एकही भोक नव्हतं.