साडभाऊंची तापलेली रायफल

गडचांदूर ते नागपूर या पट्ट्यात असा एकही स्क्रू नसेल, ज्याच्याकडे माझ्या साडभाऊंनी संशयानं पाहिलेलं नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिमेंट कारखान्यात यंत्रांवरची मापं बिनचूक ठेवायची ही त्यांची नोकरी, आणि घरी आल्यावर तेच काम फुकट. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी टेबल हलवून बघतात, डुगडुगत्या पायाखाली कागदाची घडी सारतात आणि मगच मठ्ठ्याला हात लावतात. आमच्याकडे येऊन गेले की दारांची कुरकुर थांबते आणि माझ्या बायकोची सुरू होते, कारण भाऊजींना जे चहा निवेपर्यंत जमतं ते मला लग्नापासून जमलेलं नाही.

पण हे सगळं किरकोळ. त्यांचा खरा जीव त्यांच्या मुलीच्या, प्रज्ञाच्या, एअर रायफलीत. दहा मीटरवरच्या टिकलीएवढ्या ठिपक्यात छर्रा घालायचा, असा तो खेळ. त्यामुळे त्यांच्या क्वार्टरची मांडणीच दहा मीटरच्या हिशेबानं झालेली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर प्रज्ञा, मधल्या खोल्यांची दारं सताड उघडी, आणि मागच्या अंगणाच्या भिंतीला निशाणाची पेटी. साडभाऊंनी हात वर केला की पंखा बंद, कुकर खाली, फोडणी अर्धवट. त्या घरातल्या प्रत्येक भाजीला एक करपट चव असते, तिला आम्ही नातेवाईक नेमबाजीची चव म्हणतो. छर्रे ते सोनाराच्या काट्यावर तोलतात आणि जड-हलक्यांना एका डबीत नांदू देत नाहीत. रायफलीच्या लाकडी दस्त्यात नळी बसवणारे दोन स्क्रू किती आवळायचे, यात त्यांनी एक अख्खा पावसाळा घालवला. पाव वेढा इकडे, पाच छर्रे. पाव वेढा तिकडे, पाच छर्रे. मला एकदा समजावून सांगितलं, "तिले धरून ठेवायचं भाऊ, पन जाचायचं नाई. जाचलं का ती मनानं कुठीबी मारते." त्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी मोठ्या अभिमानानं एक कागदी निशाण माझ्यापुढे धरलं. मधोमध एकच भोक. मी धीर देत म्हणालो, चला, एक तरी लागला, बाकीचे चार कुठं गेले ते शोधू. प्रज्ञानं हळूच सांगितलं, की पाचही त्याच भोकातून गेलेत. तेव्हापासून मला रायफलीपासून लांबच्या खुर्चीवर बसवतात.

तरीही त्या एप्रिलात माझी गरज पडली, कारण मोटार माझ्याकडे होती. प्रज्ञाची शेवटची निवड चाचणी नागपूरला होती. पहिल्या आठांत आली तर पुण्याचं शिबिर. नाही आली, तर तिचं ज्युनिअर गटाचं वय संपत होतं आणि रायफल पलंगाखाली जाणार होती. आमच्याकडचा एप्रिल काय असतो ते मी सांगायला नको. साडभाऊ मागच्या सीटवर, मांडीवर रायफलीची पेटी, पेटीभोवती ओली चादर, आणि एसीचा झोत तिच्यावर, कारण उन्हानं तापली की रायफलीचा नेम सरकतो. प्रज्ञाला वारा लागतो की नाही, हे कुणी विचारलं नाही. चंद्रपूर गेलं, भद्रावती गेली.

वरोऱ्याजवळ चादर वाळली. ती हापशीवर भिजवायला साडभाऊ उतरले, प्रज्ञाही बाटली भरायला गेली. जाताना त्यांनी मला बजावलं, "भाऊ, गाडीतून हलू नका. इंजन चालू, एसी चालू." मी हो म्हणालो. पण गाडी झकास सावलीत होती, आणि समोर कढईत आलूबोंडे तळून राहिले होते. उभ्या गाडीला पेट्रोल कशाला पाजायचं, असा विचार करून मी इंजिन बंद केलं आणि उतरलो. दुसरा बोंडा तोंडात असताना लक्षात आलं, की सावली झाडाची नव्हती. कोळशाच्या ट्रकची होती. ड्रायव्हरचा चहा झाला आणि तो माझी सावली घेऊन निघून गेला. हापशीवर ही मोठी रांग. साडभाऊ परतले तेव्हा गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता.

त्यांनी पेटी उघडली, छर्रा ढकलणाऱ्या दाबलेल्या हवेची नळकांडी काढून सावलीत धरली, आणि तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात रायफलीला लावला. "घरून निघाली ते ही नाई," एवढंच म्हणाले. पुढचा रस्ता मी आरशात बघायचं टाळून गाडी चालवली.

नागपूरच्या हॉलमध्ये एसी होता, पण रायफल अजून आतून कोमटच होती. नाव पुकारायला थोडा वेळ होता. साडभाऊंनी खिशातून पाना काढला आणि स्क्रूला लावला. प्रज्ञानं त्यांचा हात धरला.

"नका लावू बाबा."

"जरासाक. अर्धा पाव वेढा."

"तुमी फिरवलं, तर निशाण काऊन सरकलं ते मले समजन कसं? तुमच्यानं का उन्हानं? एका टाइमले एकच गोष्ट बदलवा, हे तुमीच शिकवलं नं."

साडभाऊंनी पाना स्क्रूवरून काढला. मग तो त्यांनी माझ्या हातात दिला. माझ्याच. म्हणाले, "ठेवा. आन म्या मांगला तरी देऊ नका."

सरावाचा पहिला छर्रा पडद्यावर खाली डावीकडे दिसला. दुसराही तिथंच. साडभाऊंनी न बघता हात माझ्याकडे पसरला. मी पाना खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसलो. प्रज्ञानं शांतपणे नेम सरकवायची चकती दोन घरं फिरवली आणि तिसरा छर्रा मधोमध गेला. मी सुटकेचा श्वास सोडला, तसे साडभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "आता खरी गंमत आहे. ती थंडी होऊन राह्यली."

मला अर्थ लागायला वेळ लागला. रायफल निवत होती, म्हणजे मूळ जागेवर येत होती, आणि तापलेल्या रायफलीसाठी केलेली दुरुस्ती आता उलटी पडणार होती. स्पर्धा अर्ध्यावर आली आणि छर्रे हळूहळू वर उजवीकडे सरकू लागले. एक नऊ. मग आणखी एक नऊ. ओरडून सांगायची मनाई होती. साडभाऊंनी दोन्ही हात स्वतःच्या काखांत दाबून धरले होते. माझ्या खालचा पाना मला टोचत होता, पण हलायची हिंमत नव्हती.

प्रज्ञानं रायफल खाली ठेवली. घड्याळ पळत होतं. तिनं दस्त्यावर उलटा हात ठेवला, डोळे मिटले, आणि मग नेमाची चकती एक घर मागे घेतली.

"समजलं तिले," साडभाऊ म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही.

प्रज्ञा आठवी आली. यादीत शेवटची, पण यादीत. साडभाऊंनी तिला रायफल कशी होती ते विचारलं. ती म्हणाली, "तुमच्यासारखीच बाबा. आधी तापली, मंग आली ठिकाण्यावर." मी हसलो, आणि या घराण्यात माझं हसणं नेहमीच चुकीच्या वेळी येतं.

परतताना ती मागे झोपली. साडभाऊ पुढे माझ्या शेजारी बसले होते. पुण्याच्या शिबिरात रायफली सांभाळायला तिथला माणूस असतो, बाहेरच्यानं हात लावायचा नाही, हे त्यांना नुकतंच कळलं होतं. ते म्हणाले, त्या माणसाला फोन करून सगळं नीट सांगावं लागेल. मागचा स्क्रू पुढच्यापेक्षा हलका ठेवा म्हणावं. नळी रोज पुसू नका म्हणावं. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले, "सकाळी उठल्या-उठल्या तिच्याशी बोलू नका म्हना. आन भूक लागली का बिघडते ती, पन मांगत नाई. ध्यान ठेवा लागते."

रायफलीला भूक कधीपासून लागायला लागली, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी माझ्याकडून घडलेली तेवढी एकच शहाणपणाची गोष्ट.