हळदीतली नवी चाल

दमा माझा जुना, लग्नाहूनही जुना. त्याची मला सवय आहे, नवऱ्याची आहे तशीच. पण दोन वर्षांपूर्वी एकदा भाजी घेताना श्वास अडकला आणि तेव्हापासून भीती जी घरात शिरली, ती जाता जाईना. घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटमधून मी खाली उतरणंच सोडलं. पंप उशाशी, पंप देव्हाऱ्यात. टीव्ही चालू असायचा, मी बघत नसे. डॉक्टर म्हणाले, ‘‘मनावरही उपचार घ्या.’’ मी म्हटलं, ‘‘म्हणजे मी वेडी?’’ आणि महिनाभर त्यांच्यावर रुसले. त्यांना पत्ताही नव्हता.

मग माहेरून, कोपरहून, मोठ्या वहिनीचा फोन आला. भाचीची हळद होती. आम्ही आगरी, आमच्या हळदीत बायका धवले गातात. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती मागून म्हणायची. आईनंतर घरात सांगणारी मीच.

‘‘तू नाय आलीस तं डीजेवर भागवू काय गो?’’ वहिनीने विचारलं.

हा अपमान मला सोसवला नाही. गेले.

मांडवात बसले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तर अख्खं वऱ्हाड होतं. आज चारचौघांत दम तुटला, तर पुन्हा कधी धवला सांगायला बसायची नाही, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

पहिली ओळ निभावली. दुसरीत, भलत्याच अक्षरावर श्वास संपला. थांबले, घरघर करत हवा ओढली, उरलेलं कसंबसं म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मागच्यांची पाळी. आमच्यात मागची बाई आपली अक्कल चालवत नाही. सांगणारी सांगेल तस्संच म्हणते. सगळ्या धडधाकट बायका त्याच अक्षरावर थांबल्या, घरघर करत हवा ओढली आणि पुढे गेल्या! मला हसू आवरेना.

वहिनी सरकत माझ्या शेजारी आली. ‘‘चाल बदललीस काय गो?’’

‘‘चाल नाय. दम लागतो. आन् भ्या वाटतं.’’

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. डोळे भरून आले. तिसरी ओळ वहिनी माझ्याबरोबर सांगू लागली, आणि मला दम लागायच्या आधीच थांबली.