मंत्रपुष्पांजली म्हणणारा पाहुणा

माझ्याकडे साड्यांना फॉल लावणाऱ्या बाईला एका मराठी पाहुण्याने फसवलं. तिची एकोणीस वर्षांची मुलगी तो कामाला म्हणून घेऊन गेला. आणि त्याची ग्वाही मी दिली होती.

झाशीच्या प्रेम नगरातल्या एका खोलीतून मी साड्यांचा धंदा उभा केला. काठ ताणून, उलटी बाजू पाहून, व्यापाऱ्याला रडवूनच मी माल उचलते. या माणसाला मात्र मी काहीच विचारलं नाही.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाचे काका त्याला घरी आरतीला घेऊन आले. झाशीत मराठी घरं मोजकी. आमची मुलं आरतीला नुसते ओठ हलवतात. याने पुस्तक न उघडता मंत्रपुष्पांजली शेवटपर्यंत म्हटली. माझे डोळे भरून आले. पुण्यात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला मुली हव्यात, असं तो मोदक खाता खाता म्हणाला.

फॉलवाली मूळची जवळच्या एरच गावची. तिने दाराशी विचारलं, "भाभीजी, आदमी कैसो है?"

"हमारा ही है," मी म्हटलं. "तेरे तो भाग खुल गए."

त्याने मुलीचं आधारकार्ड स्वतःच्या खिशात घातलं, जुनं सिम काढायला लावलं, पत्ता 'पोहोचल्यावर' देतो म्हणाला. सगळं माझ्यादेखत. हेच एखाद्या हिंदी बोलणाऱ्या दलालाने केलं असतं, तर मी त्याला ओरछा गेटपर्यंत पळवला असता.

तिचे दोनच फोन आले. प्रत्येक उत्तराआधी ती थांबायची, शेजारी कुणीतरी पुटपुटायचं. "ठीक हूँ, अम्मा." दुसऱ्या वेळी आईने शहर विचारलं आणि फोन कटला. तेव्हापासून नंबर बंद आहे.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "बालिग है, मर्ज़ी से गई होगी." मी आरडाओरडा केला, तेव्हा तक्रार घेतली. "फोटो लाइए, माताजी."

त्या माणसाचा फोटो एकच होता, मंडळाच्या ग्रुपवर, आरतीचा. मी पाहिलं, तर तो काढून टाकलेला.

काकांना गाठलं. "अगं, स्टेशनवर मराठी बोलताना दिसला, म्हणून आणला. उगाच मंडळाची बदनामी कशाला? आणि शब्द तर तूच दिलास."

दिला. तसं ठाण्यात सहीनिशी लिहून दिलंय. फॉलवाली अजून कामाला येते, मान वर करत नाही. मुलगी परत येईल असं आता मलाही वाटत नाही. पण काका, तो फोटो ग्रुपवरून कुणी काढून टाकला? मंडळात सगळ्यांसमोर उभं राहून सांगा.