एका चौकात तीनदा

मयताची अनाऊन्समेंट एका चौकात तीनदाच का करायची? सेलची असेल तर घसा बसेपर्यंत ओरडा, पण मयताची तीनदाच आणि तीही रिक्षा बंद करून. दादाला विचारलं तर म्हणाला, "गाडी बघून चालव." भोंग्याचं मशीन दुरुस्त करणाऱ्या रशीदचाचांना विचारलं तर ते म्हणाले, "तेरे दादा कू पूछ." शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

माझा थोरला भाऊ दत्ता सोलापुरात भोंग्याच्या रिक्षातला अनाऊन्सर होता. तो मागं माईक घेऊन बसायचा, मी चालवायचो. त्याला जाऊन सव्वा महिना झाला. सीटखाली जुनी पत्रकं साचतात तसे त्या रिक्षात किस्से साचलेत. आठवतील तसे सांगतो.

* * *

शब्दांच्या बाबतीत दादा लई कडक. मी पाचवीत शाळा सोडलेली, म्हणून मला समजावून सांगायचा. "आवाहन म्हणजे ऐकलं तर उपकार. सूचना म्हणजे ऐकायलाच पाहिजे. इशारा म्हणजे नाही ऐकलं तर बघून घेऊ!"

शुक्रवार पेठेतल्या एकाचा बोकड हरवला. त्यानं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आणलं, 'जाहीर इशारा'.

"इशारा कुणाला?" दादानं विचारलं. "बोकडाला?"

"चोराला की!"

"चोरलाय कशावरनं?"

दादानं त्याला शेजारी बसवून 'जाहीर आवाहन' सुरू केलं. दुसऱ्याच बोळात एक बाई गॅलरीतून ओरडली, "आवो, मागं बघा की! तुमच्याच रिक्षामागनं चालतंय ते!"

* * *

शेंगाचटणीचं एक दुकान होतं. दोघा भावांचं फाटलं आणि दोन दुकानं झाली. सकाळी थोरला आला, "जाहीर खुलासा करायचाय. आमची कुठेही शाखा नाही." आम्ही पेठेतून फिरलो. दुपारी धाकटा आला. त्याचाही जाहीर खुलासा, त्याचीही कुठेही शाखा नाही. आम्ही त्याच रस्त्यानं परत फिरलो. आवाज तोच, रिक्षा तीच!

संध्याकाळी थोरल्यानं रिक्षा अडवली. "दत्ता, तू नक्की कुणाच्या बाजूचा?"

दादा म्हणाला, "मी भोंग्याच्या बाजूचा."

* * *

मैंदर्गीच्या अलीकडं एका गावात पाण्याचं काम मिळालं. कागद चार ओळींचा होता. 'तमाम ग्रामस्थांना कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव उद्या पाणीपुरवठा खंडित राहील...' दादानं सुरेख वाचलं. बायका दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. एका म्हातारीनं शेजारणीला कन्नडमध्ये विचारलं, हा काय सांगतोय? शेजारणीनंही कळलं नाही म्हणून मान हलवली.

मला राहवलं नाही. दादाच्या हातातला माईक ओढला आणि ओरडलो, "नाळी नीर इल्ला!" म्हणजे उद्या पाणी नाही.

घागरी घेऊन अख्खी गल्ली पळाली!

ग्रामसेवक तापले. "हे जाहीर निवेदन होतं. तुम्ही त्याची बोंब केली!"

त्यानंतर दादानं माझ्या हातात माईक कधी दिला नाही. पण परत येताना वाटेत मागं बसून एकटाच हसत होता.

* * *

पूर्वी आम्ही मयताचं रेकॉर्डिंग पेनड्राईव्हवर लावायचो. एका आजोबांच्या वेळी मी एक बटण दाबायचं विसरलो. 'दुःखद निधन... अंत्ययात्रा राहत्या घरून सकाळी अकरा वाजता निघेल' संपलं आणि दादाच्याच आवाजात पुढची फाईल सुरू झाली. "त्वरा करा! त्वरा करा! अशी संधी पुन्हा नाही! सहकुटुंब अवश्य या!"

आजोबांचे तिन्ही मुलगे चप्पल न घालता धावत आले.

दादानं त्यांचे पाय धरले. मग मला म्हणाला, "आजपासून मयताला रेकॉर्डिंग न्हाय. माणूस गेलेलं माणसानंच सांगायचं."

* * *

त्यानंतरची गोष्ट. दादा एका चौकात स्वतः वाचत होता, "...यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले असून..." समोरच्या घरातून त्या मयताचीच बायको बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "अल्पसा? नऊ वर्षं अंथरुणात होते. सगळं मी केलंय. आन् तू अल्पसा म्हणतोस व्हय रे?"

दादानं माईक बंद केला. पुढच्या चौकात त्यानं 'प्रदीर्घ आजाराने' वाचलं. ती बाई तिथंही ऐकायला आली होती. मान डोलावून घरी गेली.

* * *

दादा सकाळी चहा पिऊन कप खाली ठेवायला वाकला, तो उठलाच नाही.

रशीदचाचांनी कागद लिहून आणला. मला जोडाक्षरं लवकर वाचता येत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. हळूच म्हणाले, "बेटा, उसकीच आवाज में बना दूँ क्या? पेनड्राईव में सब लफ्जां हैं." सगळे शब्द खरंच होते. 'दुःखद निधन' होतं, 'राहत्या घरून' होतं. जाहिरातीच्या शेवटी तो 'आपला अनाऊन्सर दत्ता' म्हणायचा, म्हणजे नावही होतं.

मी म्हणालो, "न्हाय चाचा. रेकॉर्डिंग न्हाय."

मागच्या सीटवर चाचा मला दिसेल असा कागद धरून बसले. मीच चालवली, मीच बोललो. कागदावर 'अल्पशा आजाराने' होतं, ते वगळलं. दादाला आजारच नव्हता. बाकी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. शेंगाचटणीच्या दोन्ही दुकानांसमोर रिक्षा बंद केली, तीनदा सांगितलं. दोघंही भाऊ आपापल्या पायरीवर उभे राहिले. पेठेतल्या प्रत्येक चौकात रिक्षा बंद केली, तीनदा सांगितलं. अडखळलो, पण तीनदा सांगितलं.

शेवटचा चौक आमच्या घरासमोरचा. आई दारात बसली होती. रिक्षा बंद केली. एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. मग माईकचं बटण बंद केलं.

मागून चाचा म्हणाले, "बेटा, और एक बार बाकी है ना."

मी रिक्षा चालू केली.